चार पर्यायांबाहेरचा माणूस

१

दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांच्या खेळांचा विचार आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांतून सहसा होत नाही. हा विषय करमणुकीचा आहे आणि करमणुकीची चिकित्सा करण्यात वेळ का दवडावा, असा एक समज आपल्याकडील जाणकारांत रूढ आहे. मला तो मान्य नाही. ज्या समाजाला शतकानुशतके प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता आणि उत्तर देण्याचाही नव्हता, त्या समाजातून आलेल्या लेखकाने हा व्यवहार निव्वळ करमणूक म्हणून सोडून देणे बरे नव्हे. प्रश्न कोण विचारतो, उत्तर कोण देतो आणि त्या उत्तराचे मोल कोण ठरवितो, या तीन गोष्टींत ज्ञानाची मालकी कोणाकडे आहे हे दिसून येते. तेव्हा या खेळाची चिकित्सा व्हावयास हवी.

माझ्या या आस्थेचे मूळ एका जुन्या प्रसंगात आहे. 'कौन बनेगा करोडपती' हा कार्यक्रम ३ जुलै २००० रोजी स्टार प्लस वाहिनीवर सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वस्तीत वीज आकड्याची होती आणि नेमकी रात्री जायची. माझे वडील ज्या घरी सालगडी होते, त्या घराच्या अंगणात उभे राहून आम्ही चार-पाच पोरे हा खेळ पाहात असू. घरातील मंडळी आत बसलेली, आम्ही बाहेर, आणि मध्ये उंबरठा. एके रात्री भूगोलातला एक प्रश्न आला. समोरचा स्पर्धक विचारात पडला आणि माझ्या तोंडून उत्तर निघून गेले. थोड्या वेळाने तेच उत्तर बरोबर ठरले. घरमालकाने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ''तुला रं कुणी सांगितलं?''

मला कोणी सांगितले नव्हते. ते माझ्या शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात होते. त्यांच्या मुलाच्याही पुस्तकात होते. आम्ही एकाच वर्गात होतो. त्या प्रश्नात राग नव्हता, हे मी आजही प्रामाणिकपणे सांगतो. त्यात आश्चर्य होते. शिवी मी विसरलो असतो, ते आश्चर्य मात्र विसरता आले नाही. आज मी महाविद्यालयात शिकवितो, आणि या खेळांकडे पाहताना तो प्रश्न माझ्या कानात असतो.

२

या खेळांच्या रूपांत वेळोवेळी झालेले बदल आधी पाहू. आपल्याकडे 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' १९७२ साली रेडिओवर सुरू झाली. हमीद सयानी आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी ती चालवीत. दूरदर्शनवर १९८५ साली सिद्धार्थ बसू यांचा 'क्विझ टाइम' आला. त्यात महाविद्यालयांचे संघ उतरत. या दोन्हींची भाषा इंग्रजी होती. कागदोपत्री कितीही फेऱ्या असोत, प्रत्यक्षात इंग्रजी हीच पहिली फेरी होती, आणि त्या फेरीत आमच्यासारखे सगळे खेळ सुरू होण्यापूर्वीच बाद झालेले होते. ज्यांना घरात ग्रंथ, वर्तमानपत्रे आणि इंग्रजी बोलणारे आईबाप मिळाले, त्यांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत आणि देशाने कौतुकाने पाहावे, असा तो सोहळा होता.

इंग्लंडमध्येही याच परंपरेतला 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' हा कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. त्यात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील प्रत्येक कॉलेजाला स्वतंत्र संघ पाठविता येई. इतर विद्यापीठांना मात्र प्रत्येकी एकच संघ. १९७५ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी याचा निषेध खेळात बसूनच केला. प्रश्न कोणताही असो, ते उत्तर देत: मार्क्स, लेनिन, ट्रॉट्स्की, चे गव्हेरा. त्यांना उत्तरे येत नव्हती म्हणून त्यांनी असे केले नाही. प्रश्नाला उत्तर देणे म्हणजे खेळाचे नियम मान्य करणे, हे त्यांनी ओळखले होते. नकार हेही एक उत्तर असते, ही गोष्ट दलित साहित्याला नवी नाही. मला हा प्रसंग या खेळांच्या सबंध इतिहासात फार मोलाचा वाटतो.

बीबीसीचा 'मास्टरमाइंड' १९७२ साली सुरू झाला. काळी खुर्ची, अंगावर पडलेला प्रकाश आणि समोरून येणारे प्रश्न. या खेळाचा जनक बिल राइट दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या हाती सापडला होता आणि गेस्टापोने त्याची जी चौकशी केली, त्या अनुभवातून हे रूप त्याला सुचले. म्हणजे प्रश्नोत्तराचा खेळ आणि पोलिसी चौकशी यांचे नाते मी जोडीत नाही, ते मुळातच आहे. परंतु या कठोर खेळात एक उदार गोष्टही होती. पहिल्या फेरीचा विषय स्पर्धक स्वतः निवडी. कशाविषयी प्रश्न विचारावेत हे ठरविण्याचा निम्मा अधिकार उत्तर देणाऱ्याकडे होता. बक्षीस म्हणून फक्त काचेचे एक पात्र मिळे. १९८० साली लंडनमध्ये टॅक्सी चालविणारे फ्रेड हाउसगो ही स्पर्धा जिंकले. त्यांना कोणी लक्षाधीश केले नाही. एक जाणता माणूस म्हणून मान्यता दिली.

पुढे १९९८ साली ब्रिटनमध्ये 'हू वॉन्ट्स टु बी अ मिलिअनेअर' हा खेळ आला आणि सगळे चित्र पालटले. प्रश्नासोबत चार पर्याय आले. एकेका प्रश्नाबरोबर वाढत जाणाऱ्या पैशाची शिडी आली. अडल्यास प्रेक्षकांचा कौल, मित्राला दूरध्वनी, दोन चुकीचे पर्याय गाळणे अशा सवलती आल्या. 'कौन बनेगा करोडपती' ही त्याचीच भारतीय आवृत्ती होय. १९८५ साली इंग्रजीत प्रश्न विचारणारे सिद्धार्थ बसू हेच या हिंदी आवृत्तीच्या निर्मितीमागे होते. सर्वोच्च बक्षीस पहिल्या पर्वात १ कोटी होते, २००५ साली ते २ कोटी झाले, पुढे ५ कोटी आणि २०१३ साली ७ कोटी. इतर खेळही या काळात आले. गाण्याच्या भेंड्यांची 'अंताक्षरी' झी वाहिनीवर १९९३ पासून होती. मराठीत २००४ साली 'होम मिनिस्टर' आला आणि पैठणी हे बक्षीस झाले. परंतु ज्ञानाचा दावा करणारा आणि गरिबाला थेट हाक मारणारा खेळ हा एकच.

येथे एक गोष्ट न्यायाने मान्य केली पाहिजे. या खेळाने प्रश्नमंजूषा इंग्रजीच्या कोंडवाड्यातून बाहेर काढली. शाळेच्या नावाची, संघाची, शिफारशीची गरज ठेवली नाही. २००० साली हर्षवर्धन नवाथे हे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे मराठी तरुण पहिले करोडपती झाले, तेव्हा आमच्या गुरुजींनी त्यांचे नाव फळ्यावर लिहिले होते. ते नाव पाहून मीही वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून काढू लागलो. वस्तीतील पोरे सामान्य ज्ञानाची पुस्तके मागू लागली. त्या भुकेला मी खोटी म्हणणार नाही. भूक खरीच होती. तिच्यापुढे काय वाढले गेले, हा प्रश्न आहे.

३

अमेरिकेत १९५६ साली 'ट्वेंटी-वन' नावाचा खेळ सुरू झाला. त्यात हर्बर्ट स्टेम्पेल हा सामान्य ज्यू कुटुंबातील विद्यार्थी जिंकत होता. निर्मात्यांनी त्याला गबाळा सूट घालावयास लावले, केस सैनिकासारखे बारीक कापावयास लावले, कारण तो गरीब आणि चमत्कारिक दिसावयास हवा होता. पुढे प्रायोजकांना त्याचा कंटाळा आला आणि चार्ल्स व्हॅन डोरेन हा कोलंबिया विद्यापीठातील देखणा अध्यापक आणण्यात आला. तो नामवंत कवीचा मुलगा, घराण्याने विद्वान. स्टेम्पेलला हरण्यास सांगण्यात आले. ज्या प्रश्नावर त्याने हरावयाचे होते त्याचे उत्तर 'मार्टी' हा चित्रपट होते. तो चित्रपट स्टेम्पेलने पाहिलेला होता, त्याच्या आवडीचा होता. तरी त्याने ठरल्याप्रमाणे चुकीचे नाव घेतले. व्हॅन डोरेनला उत्तरे आधीच पुरविली जात होती. १९५९ साली त्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे हे कबूल केले आणि १९६० साली असे खेळ आधी ठरवून खेळविणे कायद्याने गुन्हा ठरले.

सर्वांना हे प्रकरण फसवणुकीचे म्हणून ठाऊक आहे. मला त्यात आणखी काही दिसते. ज्याला येत होते त्याला 'मला येत नाही' असे जगासमोर म्हणावे लागले, आणि ज्याला आयते पुरविले गेले तो देशाचा आदर्श विद्वान ठरला. हे काही जातिव्यवस्थेचे उदाहरण नव्हे. पण विद्वान कसा दिसावा याचे चित्र प्रेक्षकांच्या मनात आधीच तयार असते आणि खेळ त्या चित्राला शरण जातो, ही गोष्ट आपणास ओळखीची वाटल्याशिवाय राहात नाही.

त्याच काळात अमेरिकेत दुसरा एक खेळ होता, 'क्वीन फॉर अ डे'. तो रेडिओवर १९४५ साली सुरू झाला आणि दूरचित्रवाणीवर १९६४ पर्यंत चालला. त्यात ज्ञानाचे काम नव्हते. अडचणीतल्या स्त्रियांनी आपापले दुःख सांगावयाचे आणि जिच्या दुःखाला सर्वांत जास्त टाळ्या पडतील तिला राणी करावयाचे. टाळ्या मोजणारे यंत्र होते. राणीला मुकुट, झगा, फुले आणि तिने मागितलेली वस्तू मिळे. बाकीच्यांचे दुःख कमी भरले, म्हणून त्या हरत.

आजचा करोडपतीचा खेळ या दोन्हींचा संकर आहे, असे माझे मत आहे. २००० साली स्पर्धक येई, नाव-गाव सांगे आणि खेळू लागे. पुढे पुढे स्पर्धकाच्या आयुष्याची छोटी चित्रफीत दाखविण्यात येऊ लागली. त्यात गळके छप्पर असते, आजारी आई असते, कर्ज असते, मागे करुण संगीत असते. उत्तर देण्याआधी माणसाने आपले दारिद्र्य उलगडून दाखवावे लागते. ज्ञान तर हवेच, पण गरिबाकडून त्याबरोबर जखमही मागितली जाते. सुखवस्तू स्पर्धक आला तर तो आपला छंद सांगतो. गरीब आला तर त्याला आपले दुःख सांगावे लागते. प्रवेशाचा दर दोघांना सारखा नाही.

२०१९ साली अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे यांनी या खेळात १ कोटी रुपये जिंकले. त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवीत आणि त्यांना महिन्याला १५०० रुपये मिळत. या बाईंविषयी माझ्या मनात आदरच आहे. चुलीपुढे उभे राहून, अभ्यास करून, कोणाचा हात न धरता त्या तेथवर गेल्या. माझी आईसुद्धा शाळेत खिचडी शिजविते. तो भाग आम्ही दोघांनी मिळून पाहिला. आई त्या रात्री फार खुशीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, ''बाईला दीड हजार मिळतेत म्हणल्यावर सगळे चाट पडले. मला बी तेवढेच मिळतेत की रं. मग इतक्या साली माझ्याकडं बघून कुणीच कसं चाट पडलं नाही?''

मला उत्तर देता आले नाही. या खेळावर मी जेवढे वाचले आहे, त्यात आईच्या या वाक्याइतकी नेमकी समीक्षा मला आढळली नाही. एका बाईला १ कोटी मिळाले की त्या १५०० रुपयांचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. टाळ्या पडतात, डोळे भरून येतात, आणि सकाळी हजारो बायका त्याच मानधनावर त्याच चुलीपुढे उभ्या राहतात. दारिद्र्य ही व्यवस्थेची निष्पत्ती आहे हे लपवून ते एका व्यक्तीच्या जिद्दीची पार्श्वभूमी म्हणून वापरणे, हे या खेळाचे खरे कसब होय.

आणि जो जिंकतो त्याचे तरी काय होते? बिहारमधील मोतिहारीचे सुशील कुमार २०११ साली ५ कोटी जिंकले. हा अल्प वेतनावरचा संगणक-चालक एका रात्रीत देशाला ठाऊक झाला. २०२० साली त्यांनी स्वतःच लिहिले, की जिंकल्यानंतरचा काळ त्यांच्या आयुष्यातील सर्वांत वाईट काळ ठरला. पैसा मिळाला, पण तो पेलणारी माणसे, सल्ला देणारी घराणी, अनुभवाची परंपरा पाठीशी नसते. पहिल्या पिढीच्या पदवीधराला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

४

२००८ साली डॅनी बॉयल यांचा 'स्लमडॉग मिलिअनेअर' हा चित्रपट आला आणि त्याला पुढच्या वर्षी आठ ऑस्कर मिळाले. विकास स्वरूप यांच्या २००५ सालच्या इंग्रजी कादंबरीवर तो आधारलेला आहे. झोपडपट्टीतला, चहा देणारा एक मुलगा सगळी उत्तरे बरोबर देतो. त्याला पोलीस पकडतात आणि मारतात. त्याला येणे शक्यच नाही, अशी सर्वांची खात्री असते.

चित्रपटाच्या या पूर्वार्धावर माझा आक्षेप नाही. उलट मी तो पाहिला तेव्हा मला अंगणातला प्रश्न आठवला: 'तुला रं कुणी सांगितलं?' गरिबाचे ज्ञान हा पुरावा न मानता गुन्हा मानला जातो, हे त्या दिग्दर्शकाने बरोबर हेरले आहे. आपल्या नोटेवर गांधीजींचे चित्र असते हे मुलाला सांगता येत नाही, पण शंभर डॉलरच्या नोटेवर बेंजामिन फ्रँकलिन असतो हे ठाऊक असते. कारण तसे आयुष्य त्याच्या वाट्याला आलेले असते. ज्ञान जगण्यातून येते, पुस्तकातूनच येते असे नाही, ही जाणीव तेथे आहे.

परंतु शेवटी दिग्दर्शक कच खातो. चित्रपट सुरू होतानाच पडद्यावर प्रश्न येतो: हा मुलगा कसा जिंकला? त्यालाही चार पर्याय आहेत. त्याने लबाडी केली, त्याचे नशीब थोर होते, तो अलौकिक बुद्धीचा होता, किंवा हे सारे आधीच लिहिलेले होते. चित्रपट चौथा पर्याय बरोबर ठरवितो. लिहिलेले होते! कोणी लिहिले होते? सटवाईने? ज्या कर्मविपाकाने आमच्या पूर्वजांच्या कपाळावर अस्पृश्यता लिहून ठेवली, त्याच लेखणीला येथे गरिबाच्या विजयाचे श्रेय दिले आहे. त्या चारांत एक पर्याय नाहीच: मुलाने पाहिले, सोसले, लक्षात ठेवले आणि त्यावर विचार केला. म्हणजे तो शिकला. माणूस शिकतो, हा साधा पर्याय ज्या यादीत नाही, ती यादी कोणी केली, असे विचारणे समीक्षकाचे काम आहे.

आपणास चारांच्या यादीचा अनुभव जुना आहे. चार वर्णांची यादी केली गेली तेव्हा आपण त्या यादीत नव्हतो.

५

आता मी या लेखाच्या गाभ्याकडे येतो. ३० ऑक्टोबर २०२० रोजी 'कौन बनेगा करोडपती'च्या विशेष भागात सफाई कर्मचारी आंदोलनाचे बेझवाडा विल्सन आणि अभिनेते अनुप सोनी त्या आसनावर बसले होते. हाताने मैला वाहण्याची प्रथा मोडण्यासाठी आयुष्य वेचणारे आणि २०१६ साली मॅगसेसे पुरस्काराने गौरविले गेलेले विल्सन. ६ लाख ४० हजारांच्या प्रश्नात असे विचारले गेले, की २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी कोणत्या ग्रंथाच्या प्रती जाळल्या? पर्याय होते: विष्णुपुराण, भगवद्गीता, ऋग्वेद आणि मनुस्मृती.

प्रश्न विचारला गेला आणि गदारोळ उठला. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या. लातूर जिल्ह्यातील एका आमदारांनीही पोलिसांकडे तक्रार दिली. तक्रारीचा रोख काय होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. चारही पर्याय एकाच धर्मातले का, असा तो रोख होता! महाडची घटना घडली नाही असे कोणी म्हटले नाही, म्हणताही येत नाही. त्या वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी माणसांनी प्याले. डिसेंबरच्या परिषदेत विषमतेच्या त्या संहितेचे दहन झाले आणि तो ठराव मांडण्यात सहस्रबुद्धे यांच्यासारखे जन्माने ब्राह्मण असलेले सहकारीही होते. ही इतिहासाची नोंद आहे. ती शालेय पुस्तकात सुखाने राहू शकते. पण रात्री नऊ वाजता घराघरांत मोठ्याने उच्चारली गेली की भावना दुखावतात.

तक्रार करणाऱ्यांविषयी एवढे पुरे. मला खुद्द प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे. आपल्यापैकी अनेकांना त्या रात्री अभिमान वाटला. मलाही वाटला. महाड या खेळात आले, बाबासाहेब आले. परंतु कसे आले? तारीख आणि ग्रंथाचे नाव म्हणून आले. का जाळली, हे विचारले गेले नाही. त्या ग्रंथात काय होते, हे विचारले गेले नाही. एका मानवमुक्तीच्या कृतीचे मोल ६ लाख ४० हजार ठरले आणि पुढच्या क्षणी दुसरा प्रश्न आला. चार पर्यायांत 'काय', 'केव्हा', 'कोण' एवढेच बसते. 'का' बसत नाही. आणि आपला सारा लढा 'का' या एका अक्षराचा आहे.

त्या आसनावर कोण बसले होते, हेही विसरता येत नाही. विल्सन यांनी वर्षानुवर्षे सरकारला प्रश्न विचारले आहेत. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, तरी गटारात उतरून माणसे का मरतात? हा प्रश्न विचारणारा माणूस येथे उत्तर देणाऱ्याच्या खुर्चीत होता. देश त्याला प्रश्न विचारीत होता. खरे पाहता खुर्च्यांची अदलाबदल व्हावयास हवी होती.

अशी अदलाबदल झाली आहे, असे कोणी म्हणेल. २०१९ साली सोनी मराठीवरील 'कोण होणार करोडपती' या कार्यक्रमात प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीवर नागराज मंजुळे बसले. करमाळा तालुक्यातील जेऊरचा, वडार समाजातून आलेला, कवी आणि 'फँड्री'चा दिग्दर्शक. या घटनेचे सांस्कृतिक मोल मी कमी लेखणार नाही. त्यांची बोली, त्यांचे संकोचून हसणे, समोरच्या गरीब माणसाशी त्याच्या बरोबरीने बोलणे, यांमुळे वस्तीतल्या पोरांना ती खुर्ची परकी वाटली नाही. माझ्या आईला तर तो आपल्याच घरातला पोरगा वाटे. परंतु प्रश्न वाचणे आणि प्रश्न काढणे या भिन्न गोष्टी आहेत. खेळाचा साचा लंडनचा, प्रश्न संगणकाच्या पडद्यावर येणार, पैशाची शिडी आधीच ठरलेली. ज्या कलावंताच्या चित्रपटाचा शेवट थेट कॅमेऱ्यावर भिरकावलेल्या दगडाने झाला, त्याच्या हाती या खेळात दगड नव्हता. हा दोष त्यांचा नव्हे, साच्याचा आहे. प्रतिनिधित्व खुर्चीपर्यंत पोहोचले. अधिकार अजून खुर्चीच्या मागे आहे.

६

कोणी म्हणेल, एका खेळावर एवढे ओझे कशाला? त्याचे उत्तर माझ्या नोकरीत आहे. मी तासिका तत्त्वावर शिकवितो. जितके तास तितके पैसे, आणि उन्हाळ्यात तासही नाहीत, पैसेही नाहीत. या नोकरीसाठी लागणारी पात्रता परीक्षा मी उत्तीर्ण झालो तीही चार पर्यायांची. २०१२ पासून तिचा तिसरा पेपरसुद्धा लिहावयाचा राहिला नाही, खुणा करावयाचा झाला. दलित आत्मकथनांवर मी एक ओळ न लिहिता केवळ गोळे काळे करून साहित्याचा प्राध्यापक होण्यास पात्र ठरलो. माझे विद्यार्थी दिवसभर अभ्यासिकेत बसून हेच करतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याच्या निर्णयाविरुद्ध २०२३ साली पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मी त्यांना दोष देत नाही. ज्यांनी तारुण्याची वर्षे एका साच्यात घातली, त्यांना साचा एकाएकी बदलणे परवडत नाही. पण करोडपतीचा खेळ आता दूरचित्रवाणीच्या पेटीत राहिलेला नाही, एवढे तरी यावरून दिसावे. लाखो बसतात, मूठभर निवडले जातात, आणि उरलेल्यांना सांगितले जाते की तुमचे उत्तर चुकले. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मागणी केली ती सर्वांच्या शिक्षणाची होती. भाग्यवान एकाच्या निवडीची नव्हती.

यावर एक सोपा उपाय सुचविला जातो, की आपल्या लोकांचे ज्ञान या खेळांत आणावे: हलगीचे ताल, चामडे कमावणे, रानातल्या वनस्पती. याबाबत मी सावध आहे. ते ज्ञान आहेच. पण त्यातील बरेचसे जातीने लादलेल्या कामातून आलेले आहे. त्याचा नुसता गौरव करणे म्हणजे बेडीच्या नक्षीचे कौतुक करणे होय. ते ज्ञान जसे आले तसे, त्यामागच्या सक्तीसह विचारले गेले पाहिजे.

गेल्या वर्षी मी द्वितीय वर्षाच्या वर्गात एक प्रयोग केला. प्रत्येकाने घरी जाऊन असा एक प्रश्न तयार करून आणावा, की ज्याचे उत्तर आपल्या आईबापांना येईल आणि माझ्यासारख्या प्राध्यापकाला येणार नाही. पर्याय चार द्यावेत. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या आल्या. ऊसतोडीच्या टोळीतल्या एका मुलाने विचारले होते: 'एक कोयता म्हणजे किती माणसे?' पर्याय: एक, दोन, तीन, चार. वर्गातील शहरी मुलांनी 'एक' म्हटले. उत्तर 'दोन' आहे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल त्या हिशेबाने मिळते. एका मुलीने विचारले होते: 'पाचवीपर्यंतच्या एका मुलामागे खिचडीला किती ग्रॅम तांदूळ?' हे उत्तर मला आले, कारण ते माझ्या घरातले आहे: शंभर. वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या दोन प्रश्नांवर पुढचे दोन तास चर्चा झाली. बाईची मजुरी स्वतंत्र का मोजत नाहीत, येथपर्यंत मुले आपोआप आली. 'का' वर्गात शिरले होते.

शेवटची चिठ्ठी मागच्या बाकावर बसणाऱ्या, वर्षभर एक शब्द न बोललेल्या मुलाची होती. त्याने लिहिले होते: 'आमच्या गावात स्मशाने दोन का आहेत?' खाली पर्याय नव्हते. मी त्याला विचारले, ''चार पर्याय लिहायला सांगितले होते ना?''

तो उभा राहिला आणि म्हणाला, ''सर, लिहून पाहिले. बसत नाहीत.''

ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. या विषयावर पुढे काही लिहावयाचे झाले तर मी तेथूनच सुरुवात करीन.